दृष्टिपटल, दिसणं आणि त्यावरचं संशोधन: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना), आणि दिसणं या विषयात संशोधन करते. दिवाळीत किंवा उन्हाळ्यात गावी आले की ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, एसटीत तेच तेच प्रश्न येतात. हल्ली जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी आणि अकरावी-बारावीची पोरंपोरीही फोन करतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत, जमेल तिथे विचारणाऱ्यांच्याच बोलीत. उत्तरं जरा सावकाश दिली आहेत, कारण उभ्याउभ्या ती पुरी होत नाहीत.

बाई, तुमी डोयाच्या डॉक्टर हा ना? माह्या डोयात पाहून सांगा बरं काय झालं ते.

नाही काकाजी, मी औषध देणारी डॉक्टर नाही. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते पीएच.डी.मुळे. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर, डोळ्यात फूल पडणं, यासाठी उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर सेवाग्रामला दाखवा. उजेड डोळ्यात शिरल्यापासून "दिसलं" असं आपल्याला वाटेपर्यंत मधे काय काय घडतं, त्याचा मी अभ्यास करते.

तरी दोन मिनिटं तुमच्याशी बोलते, कारण "नजर कमजोर झाली" एवढं म्हणून गप्प बसलेली माणसं मला गावोगाव भेटतात. कमजोर म्हणजे कशी? दूरचं दिसत नाही की जवळचं? दिवसा की दिवेलागणीनंतर? समोरचं पुसट दिसतं की बाजूचं? एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने पाहिलंत का, आणि मग उलट? यातल्या प्रत्येक उत्तरामागे डोळ्यातली वेगळी जागा असते. तपासायला जाताना ही उत्तरं सोबत घेऊन जा.

मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?

माझा विषय संधिप्रकाशातलं दिसणं. दिवस मावळला पण पुरता अंधार झाला नाही, त्या वेळी डोळा कसा काम करतो ते मी मोजते. माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवायचं, हनुवटी टेकवायला आधार द्यायचा, अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग पडद्यावर अगदी मंद ठिपका क्षणभर दाखवायचा आणि विचारायचं.

सगळी मेख या विचारण्यात आहे. "दिसला का?" असं विचारलं की आपल्याकडची माणसं, त्यातही वडीलधारी, समोरच्याचं मन राखायला "हो, दिसला" म्हणतात. काही जण याच्या उलट, पुरती खात्री झाल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. दोघांचे डोळे सारखे असूनही आकडे वेगळे येतात. म्हणून आम्ही दोनदा बीप वाजवतो. ठिपका त्यातल्या एकाच वेळी असतो. प्रश्न असा: पहिल्या बीपला होता की दुसऱ्या? सांगता येत नसेल तर अंदाजाने एक निवडा. नुसताच अंदाज चालला असेल तर शंभरात पन्नासच्या आसपास उत्तरं बरोबर येतात. पंचाहत्तर बरोबर आली की त्या माणसाच्या डोळ्याला ठिपका पोचतोय हे नक्की, मग तो स्वतः "मले तं काहीच दिसलं नाई" म्हणत का असेना. माणसाला स्वतःलाही ठाऊक नसलेलं दिसणं असं आकड्यात पकडता येतं. या कामात मला सगळ्यात जास्त गोडी याचीच आहे.

संवेदना अशा रीतीने मोजायची शिस्त जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव फेकनर यांनी १८६० मध्ये ग्रंथरूपात मांडली. तिचं सर्वांत देखणं फळ १९४२ मधलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी अंधारात बसून, स्वतःच्याच डोळ्यांवर मोजमाप केलं. एवढा मंद उजेड, की दृष्टिपटलात शेवटी ५ ते १४ प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, शोषले जात होते. आणि ते पसरत होते सुमारे ५०० पेशींवर! एकाच पेशीवर दोन कण पडण्याची शक्यता फारच थोडी. म्हणजे एका पेशीला जागं करायला एकच फोटॉन पुरतो, हे त्यांनी नुसत्या हो-नाहीच्या उत्तरांवरून आणि गणितावरून काढलं. पुढे १९७९ मध्ये बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी भेकाच्या (बेडकाच्या जातीतला प्राणी) दृष्टिपटलातली एकेक पेशी बारीक काचनळीत ओढून तिचा विद्युतप्रवाह मोजला, तेव्हा त्यात सुट्ट्या फोटॉनची उसळी दिसली.

बाकीचा दिवस संगणकावर प्रोग्रॅम लिहिण्यात, आकडेमोडीत आणि संमतिपत्रं समजावून सांगण्यात जातो. कधी ओसीटी नावाच्या यंत्राने दृष्टिपटलाचे थर पाहतो. १९९१ मध्ये जगापुढे आलेलं हे यंत्र डोळ्याला हात न लावता, नुसत्या प्रकाशाने, पाव मिलिमीटर जाडीच्या पडद्यातला थर न् थर वेगळा दाखवतं.

डोळा म्हणजे कॅमेराच ना? पडद्यावर चित्र उमटतं, मेंदू ते बघतो.

शाळेत असंच शिकवतात, आणि चित्र उमटतं इथपर्यंत ते खरंही आहे. पण ते चित्र जसंच्या तसं पुढे जात नाही.

दृष्टिपटलात उजेड टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. दंडाकार पेशी मंद उजेडासाठी, शंक्वाकार पेशी दिवसाच्या उजेडासाठी आणि रंगांसाठी. क्रिस्टीन कर्सिओ आणि सहकाऱ्यांनी दान केलेल्या मानवी डोळ्यांत त्या मोजल्या आणि १९९० मध्ये सरासरी प्रसिद्ध केली: ९ कोटी २० लाख दंडाकार, ४६ लाख शंक्वाकार. आता मेंदूकडे जाणारी नस बघा. तिच्यात तंतू आहेत १० लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण शंभर पेशींमागे एक तंतू. मग पाठवायचं काय आणि गाळायचं काय, हे डोळ्यातच ठरतं.

कसं ठरतं, ते स्टीफन कुफ्लर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलात दाखवलं. मेंदूकडे तार पाठवणारी प्रत्येक गँग्लियन पेशी आपल्यापुरता एक छोटा गोल सांभाळते. गोलाच्या मध्यावर उजेड पडला की ती जोरात बोलते, कडेवर पडला की दबते (काही पेशींचं बरोबर उलटं). सगळीकडे सारखाच उजेड असेल तर दोन्ही एकमेकांना जवळपास खोडतात आणि पेशी फारसं बोलत नाही. म्हणून चुना मारलेल्या कोऱ्या भिंतीबद्दल डोळा मेंदूला फार थोडं सांगतो. भिंतीवर जिथे सावलीची कड येते तिथलं मात्र ठासून सांगतो.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग. कोऱ्या कागदावर डावीकडे पेनाने एक फुली काढा. तिच्यापासून १० सेंटिमीटर उजवीकडे एक लाल टिकली चिकटवा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा, टिकलीकडे बघायचं नाही. कागद हातभर लांब धरा आणि हळूहळू जवळ आणा. साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर टिकली नाहीशी होते. आणखी जवळ आणली की परत येते. दृष्टिपटलातून नस बाहेर पडते त्या जागी उजेड टिपणारी एकही पेशी नाही, आणि टिकली नेमकी तिथे पडलेली असते. फ्रान्समध्ये एडमे मारियॉट यांनी १७व्या शतकात हा अंधबिंदू शोधला.

टिकली गेल्यावर तिथे काय दिसतं ते नीट बघा. काळं भोक दिसत नाही, कागद दिसतो. रेघांच्या वहीवर हाच प्रयोग केला तर रेघ सलग दिसते. जिथली काहीच खबर आली नाही, ती जागा आजूबाजूवरून भरली जाते. एरवी दिवसभर दोन डोळे एकमेकांची उणीव झाकतात, म्हणून हे कळत नाही. शाळेतल्या पोरांना हे दाखवलं की वर्गात एकदम गलका होतो, आणि खरं सांगायचं तर मला आजही तितकंच नवल वाटतं.

आमच्या घरी तिघांले रात्री दिसत नाई. शेवग्याचा पाला खाल्ला का बरं होते म्हणते, खरं हाय काय?

याचं उत्तर एका वाक्यात देऊ नये, कारण रातांधळेपणा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो आणि गावात दोन्ही सापडतात.

दंडाकार पेशींत ऱ्होडोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेड पडला की ते बदलतं आणि पेशीला खबर लागते. हे द्रव्य बनायला अ जीवनसत्त्व लागतं. जॉर्ज वाल्ड यांनी १९३० च्या दशकात दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व शोधून ही साखळी उलगडली. त्यांना १९६७ चं नोबेल मिळालं, रॅग्नर ग्रॅनिट आणि केफर हार्टलाइन यांच्यासोबत. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडलं की ऱ्होडोप्सिन बनत नाही आणि सगळ्यात आधी रात्रीचं दिसणं जातं. असा रातांधळेपणा डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेने काही दिवसांत उतरतो. शेवग्याचा पाला, पालक, चवळीची भाजी, लाल भोपळा, पपई, गाजर, दूध, अंडी यांनी तो मुळात टाळता येतो. भाजीत तेलाची फोडणी हवी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबत अंगी लागतं. आशाताई आणि अंगणवाडीताई नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी लेकरांना जो डोस पाजतात तो हाच. तो चुकवू नका. लेकराच्या बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसला तर त्याच दिवशी दाखवायला न्या, उशीर झाला तर डोळाच जातो.

पण एकाच घरातले तिघं, तेही वेगवेगळ्या वयाचे, आणि वर्षागणिक वाढत चाललेलं असेल, तर मला दुसरी शंका येते. रेटिनायटिस पिगमेंटोझा हा आनुवंशिक आजार आहे. जगात साधारण ४००० जणांत एकाला होतो. त्यात दंडाकार पेशी एकेक करून मरत जातात. आधी रात्रीचं जातं, मग कडेचं. असा माणूस समोरचं पेपरातलं वाचतो, पण चालताना बाजूच्या खाटेला अडखळतो. घरचे म्हणतात, "वाचता येते तं मंग दिसत कसं नाई?" आणि त्याला सोंगाड्या ठरवतात. मला याचा फार त्रास होतो. तो सोंग करत नाही. त्याच्या दृष्टिपटलाचा मधला भाग शाबूत आहे आणि कडा गेल्या आहेत, इतकं साधं आहे.

या आजारावर शेवगा चालत नाही, आणि दोन्हींतला फरक ओट्यावरून ओळखता येत नाही. तिघांनाही एकत्र, मोठ्या रुग्णालयात, रेटिनाच्या डॉक्टरांकडे न्या आणि घरातलं कोण कोण असं होतं ते लिहून न्या.

यावर आता इंजेक्शन निघालं म्हणतात ना?

एका प्रकारावर निघालं आहे. आरपीई६५ नावाच्या एका जनुकातल्या दोषामुळे येणाऱ्या अंधत्वावर लक्स्टर्ना ही जनुकोपचार पद्धत अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाली. पण रेटिनायटिस पिगमेंटोझा डझनावारी वेगवेगळ्या जनुकांतल्या दोषांनी होतो आणि हे औषध त्यातल्या त्या एकालाच लागू पडतं. कोणता दोष आहे हे रक्ताच्या जनुकीय तपासणीतून कळतं. जाहिरात करून "शर्तिया इलाज" विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. वावर गहाण टाकून असे इलाज केलेली घरं मी पाहिली आहेत.

मामाच्या पोरीशी लग्न केलं की लेकरं आंधळी होतात का?

होतातच असं नाही. पण धोका वाढतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. नात्यातल्या लग्नाने वाढणाऱ्या आजारांत, दोष एकाच प्रतीत असेल तर माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघांकडेही त्याच जनुकाची दोषी प्रत असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता असते की लेकराला दोन्ही प्रती दोषीच मिळतील. नात्यात आजोबा एकच असल्याने तसा योग जुळून येणं सोपं होतं. घरात आधीच कुणाला असा त्रास असेल तर सोयरीक जुळवण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. आणि याचा दोष सुनेला देऊ नका, दोन्ही घरांकडून सारखाच येतो.

जागलीवर असताना डुक्कर दिसावं म्हणून काय करावं? बॅटरी मारली का तिच्या मागचं काईच दिसत नाई.

हा माझ्या अगदी जवळचा विषय. उजेडातून अंधारात गेल्यावर शंक्वाकार पेशी दहाएक मिनिटांत जेवढ्या सरावायच्या तेवढ्या सरावतात. दंडाकार पेशींना पुरतं जागं व्हायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो, कारण उजेडाने मोडलेलं ऱ्होडोप्सिन सावकाश परत बनतं. मोबाइलचा टॉर्च डोळ्यावर आला, किंवा मचाणावर बसून व्हिडिओ पाहिला, की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रात्री मोबाइलची चमक अगदी कमी ठेवा. बॅटरी लागणारच असेल तर तिच्यावर लाल जिलेटीन कागद बांधा. गडद लाल उजेड दंडाकार पेशींना फारसा जाणवत नाही, त्यामुळे सराव मोडत नाही.

दुसरं म्हणजे, अंधारात एखादी हालचाल वाटली तर थेट तिच्याकडे रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा. आपण रोखून बघतो तेव्हा उजेड दृष्टिपटलाच्या अगदी मधल्या खळग्यावर पडतो. तिथे फक्त शंक्वाकार पेशी आहेत, दंडाकार नाहीतच. दिवसा बारीक अक्षर वाचायला ती जागा उत्तम, रात्री तीच आंधळी.

लग्नात नवरीला अरुंधती दाखवतात, तेव्हाही हेच उपयोगी पडतं. सप्तर्षीतल्या वसिष्ठाच्या अगदी लगत, चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी अंतरावर हा मंद तारा आहे. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी सप्तर्षी उंच असतात. मांडवाच्या लाइटिंगपासून दूर जा, थोडं थांबा, आणि वसिष्ठाच्या जरा बाजूला नजर ठेवा. अरुंधती उमटून येते.

आणि दिवस बुडताना एक बघा. वावरातून परतणाऱ्या बाईचं लाल लुगडं आधी काळपट पडतं, पण तुरीचा हिरवा पाला तेव्हाही उजळ दिसतो. दुपारी लुगडं भडक होतं आणि पाला फिका. शंक्वाकार पेशींकडून दंडाकार पेशींकडे काम सोपवलं जात असतं, आणि दंडाकार पेशींना हिरवट-निळा उजेड जास्त कळतो, लाल जवळजवळ कळतच नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला आहे. माझं सगळं संशोधन या अर्ध्या तासाच्या आसपासचं आहे.

उगवता चंद्र एवढा मोठा का दिसतो? आणि उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं तेही तसंच का?

दोन्ही एकसारखं नाही. मोबाइलने फोटो काढून बघा.

मृगजळ फोटोत येतं. मे महिन्यात वर्धा-यवतमाळ रस्त्यावर डांबराला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा फार तापलेली असते, तिच्यातून येताना आभाळाचा उजेड वाकतो आणि रस्त्यावरून आल्यासारखा डोळ्यात शिरतो. डोळा चुकत नाही, त्याच्यापर्यंत उजेडच तसा येतो.

चंद्राचं मोठेपण फोटोत येत नाही. हात लांब करून करंगळीचं नख चंद्रावर धरा, क्षितिजावर असतानाही आणि माथ्यावर आल्यावरही. दोन्ही वेळा नख त्याला पुरतं झाकतं, कारण दृष्टिपटलावर पडणारी चंद्राची आकृती अर्ध्या अंशाचीच राहते. मोठेपण त्यानंतर, मेंदूत तयार होतं. नेमकं कसं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. दूरची झाडं-घरं मधे आल्याने अंतराचा अंदाज बदलतो, हे त्यातलं एक जुनं स्पष्टीकरण.

मोबाइलने रेटिना जळते का?

जळत नाही. मोबाइलचा उजेड दुपारच्या उन्हाच्या मानाने फारच थोडा असतो. पण लहान मुलं सतत जवळचं बघत घरात बसली तर जवळचं चांगलं आणि दूरचं अंधुक दिसून चष्मा लागण्याचं प्रमाण वाढतं. रोज मोकळ्या उजेडात खेळल्याने ते कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. त्यांना बाहेर पिटाळा, फक्त भर दुपारी नको.

सूर्यग्रहण परातीतल्या पाण्यात पाहिलं तर चालतं ना?

नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यातलं काहीही चालत नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे जळताना काही जाणवत नाही आणि मधोमध कायमचा डाग पडू शकतो. ग्रहणासाठीचे प्रमाणित चष्मे किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच वापरा. सगळ्यात सोपं म्हणजे कडुनिंबाच्या सावलीत जमिनीकडे बघा. पानांच्या फटींतून पडणारे उजेडाचे कवडसे ग्रहणात चंद्रकोरीसारखे होतात.

फवारणी केल्यावर धुरकट दिसतं, ते काय?

याकडे दुर्लक्ष करू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं शरीरात नसांचा निरोप थांबवणारं विकर बंद पाडतात. डोळ्यात त्यामुळे बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसते, उजेड आत कमी जातो, जवळ-दूर जुळवणारा स्नायू आखडतो. दिसणं अंधुक होणं ही सगळ्या अंगात विष भिनत असल्याची खूण असू शकते. काम थांबवा, कपडे बदला, डोळे स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. दुधाने धुणं, तूप घालणं, असलं काही करत बसू नका.

शुगर आहे पण मला चांगलं दिसतं. तरी डोळे दाखवू?

हो, वर्षातून एकदा, बाहुलीत थेंब टाकून पडदा तपासायला सांगा. मधुमेहात दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, आणि बराच काळ दिसण्यात काहीच फरक पडत नाही. जेव्हा फरक कळतो तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. आता पडद्याचा फोटो बघून संगणकही ही झिरप ओळखू शकतो. २०१६ मध्ये गूगलच्या चमूने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या नेत्ररुग्णालयांतल्या छायाचित्रांचाही वापर झाला होता. रेटिनाचे डॉक्टर जिथे नाहीत अशा तालुक्यांसाठी हे फार मोलाचं आहे.

पोरगा जरासा तिरळा पाहते. मोठा झाला का पाहू, घाई कायची?

घाई आहे, वहिनी. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला. डोळा पुढे उघडला तेव्हा तो डोळा म्हणून चांगलाच होता, पण मेंदूत त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती आणि तो जवळपास निकामी ठरला. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. तिरळ्या डोळ्याचं चित्र मेंदू असंच बाजूला सारतो, आणि मग त्या डोळ्याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, गरज पडली तर शस्त्रक्रिया, हे सगळं सात-आठ वर्षांच्या आत केलं तर उत्तम गुण येतो. तिरळं पोर नशीबवान असतं म्हणतात, म्हणून थांबू नका.

त्यानंतर दार अगदी बंद होतं असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये भारतातल्या जन्मांध मुलांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यातली काही चांगली मोठी होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, हाताने ओळखलेली वस्तू दृष्टी आल्या-आल्या नुसती बघून मुलांना ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच ती शिकू लागली. बघणं शिकावं लागतं, आणि उशिरा का होईना शिकता येतं, याचा हा पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो.

नेत्रदान केलं तर दुसऱ्याला रेटिना बसवता येते?

नाही. बसवतात ती समोरची पारदर्शक चकती, म्हणजे कॉर्निया. दृष्टिपटलाचे दहा लाख तंतू मेंदूशी जोडणं आज कुणाला येत नाही. पण दान केलेल्या डोळ्यांचा संशोधनाला उपयोग होतो; वर सांगितलेली पेशींची मोजणी अशाच डोळ्यांवर झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवा, तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा आणि पंखा बंद करा.

या क्षेत्रात यायचं तर बारावीनंतर काय करावं?

वाटा अनेक आहेत आणि सगळ्या नीटमधून जात नाहीत. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांत आयएटी परीक्षा देऊन जाता येतं. ऑप्टोमेट्रीची, म्हणजे नजर तपासण्याच्या शास्त्राची, पदवी आहे, तिच्यात इंटर्नशिपही असते. अमरावती किंवा नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित किंवा मानसशास्त्रात पदवी घेऊनही येता येतं, मग एम.एस्सी., मग नेट किंवा गेट, मग पीएच.डी. पीएच.डी.साठी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर न्यूरोसायन्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अलाहाबाद विद्यापीठातलं वर्तन व बोधन विज्ञान केंद्र, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था अशा जागा बघा.

माझा सल्ला मागाल तर गणित सोडू नका आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिका. जीवशास्त्र नंतर वाचून येतं, गणिताची भीती मात्र एकदा बसली की हटायला फार वेळ लागतो.

मराठी माध्यम, खेड्यातली शाळा. जमेल?

इंग्रजीत पहिलं वर्ष जड जातं, हे खोटं सांगणार नाही. शोधनिबंध वाचताना रोज एक परिच्छेद घ्यायचा आणि तो मराठीत कुणाला तरी समजावून सांगायचा, याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. पण गावातल्या पोरांकडे एक गोष्ट आहे जी शहरात विकत मिळत नाही: खराखुरा अंधार. दंडाकार पेशींनी बघणं म्हणजे काय, हे आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना आधी अनुभवावं लागतं. तुम्ही ते रोज ओलिताला जाताना करता.

पैसे किती लागतात? पोरगी तिशीपर्यंत शिकतच राहणार का?

पीएच.डी.ला पैसे लागत नाहीत, मिळतात. नेट-जेआरएफची फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं भत्ता. पुढच्या टप्प्यात ती ४२,००० होते. पाच-सहा वर्षं लागतात, त्यानंतर बहुतेकांना दोन-चार वर्षं दुसऱ्या प्रयोगशाळेत काम करावं लागतं, आणि कायमच्या जागा थोड्या आहेत. हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगा. नेत्ररुग्णालयं, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या, संगणकाचं क्षेत्र इथेही या शिक्षणाला मागणी आहे. आणि "शिकतच राहणार का" याचं उत्तर हो असंच आहे, फक्त ती त्या काळात कमावतीही असते.

आमच्या शाळेत येऊन हे दाखवाल का?

येते. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा किंवा उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळा मला सोयीच्या पडतात. एक खोली अंधारी करता यायला हवी. खिडक्यांना काळं प्लॅस्टिक आणि दाराला घोंगडी लावली तरी पुरते. प्रत्येक मुलाला एक कोरा कागद, पेन आणि एक टिकली लागेल. सातवीपासून पुढच्या मुलांना दोन तास द्या, त्याहून लहानांना एक. ज्या मुलांना फळ्यावरचं दिसत नाही किंवा संध्याकाळी चाचपडायला होतं, त्यांची नावं गुरुजींनी आधीच वेगळी लिहून ठेवावीत, म्हणजे त्यांच्याशी आणि त्यांच्या पालकांशी मला निवांत बोलता येईल.